धूर दगडात पुरता येतो का? टिटवाळ्याच्या काळ्या कातळाची गोष्ट (थ्रेड)

१/
टिटवाळा म्हटले की बहुतेकांना आठवतो महागणपती आणि अंगारकीची गर्दी. इतिहासाची थोडी अधिक गोडी असलेल्यांना पेशवाईतले सरदार रामचंद्र मेहेंदळे आठवतील. पाणीटंचाईच्या काळात तळ्यातला गाळ उपसताना त्यांना मूर्ती सापडली, अशी परंपरा सांगतात. आजचा धागा मात्र देवळाखालच्या, तळ्याखालच्या, काळू नदीच्या पात्राखालच्या काळ्या कातळाविषयी आहे. हवामानबदलाला उत्तर म्हणून कारखान्यांचा धूर पकडून ज्या खडकांत कायमचा पुरावा असे म्हटले जाते, त्यांत या कातळाचे नाव फार वर आहे.

२/
गैरसमज नको म्हणून आधीच सांगतो. टिटवाळ्यात असा प्रकल्प उभा राहतो आहे, असे नव्हे. पण ज्या दख्खनी बेसॉल्टची चर्चा हैदराबादपासून अमेरिकेपर्यंत चालते, तोच खडक कल्याणपासून कसाऱ्यापर्यंत आपल्या पायाखाली आहे. आणि या एवढ्याशा पट्ट्यात त्या चर्चेचे जवळजवळ सगळे धागे सापडतात: कोळसा, रेल्वे, वीजघर, गरम पाण्याचे झरे, धरणे आणि कोरड्या विहिरी.

३/
सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी भूपृष्ठ भेगाळून लाव्हा वाहू लागला. थरावर थर साचत गेले. आज सुमारे ५ लाख चौरस किलोमीटरांवर पसरलेला हा प्रदेश भूविज्ञानात ‘दख्खन ट्रॅप’ म्हणून ओळखला जातो. ‘ट्रॅप’ हा शब्द पायरी या अर्थाच्या स्वीडिश शब्दावरून आला. माळशेज घाटाच्या पायथ्याशी उभे राहून वर पाहिले की हे नाव देणाऱ्याची नजर किती नेमकी होती ते कळते. त्या उद्रेकांतून कर्बवायूही अफाट प्रमाणात बाहेर पडला. (कार्बन डायऑक्साइडला जुनी मराठी पाठ्यपुस्तके ‘कर्बद्विप्राणिद’ म्हणत. मी सोयीसाठी ‘कर्बवायू’ म्हणतो.) म्हणजे आज ज्या खडकात आपण कर्बवायू परत घालू पाहतो, तो खडक जन्माला येतानाच हा वायू हवेत सोडत होता.

४/
मग त्याने तो परतही घेतला. पावसाच्या पाण्यात हवेतला कर्बवायू विरघळतो आणि सौम्य आम्ल बनते. हे पाणी कातळावरून वाहताना त्यातील कॅल्शियम आणि मॅग्नेशियम विरघळवते. तो सारा ऐवज नद्यांतून समुद्रात जातो आणि तिथे चुनखडक होऊन तळाशी बसतो. हवेतला वायू असा दगड होतो. फ्रान्सच्या झाक-जोसेफ एबेलमेन याने १८४५ मध्येच हे गणित मांडले होते. तेव्हा त्याच्याकडे फारसे कुणी लक्ष दिले नाही, आणि तो १८५२ मध्ये वारला.

५/
एबेलमेनच्या म्हणण्याचा दख्खनवरचा पडताळा यायला २००१ साल उजाडावे लागले. सेलीन देसेर आणि तिच्या सहकाऱ्यांनी नर्मदा, तापी आदी नद्यांच्या पाण्याचे विश्लेषण केले आणि दख्खनी बेसॉल्ट किती वेगाने झिजतो व किती कर्बवायू शोषतो याचा अंदाज बांधला. जगाच्या भूपृष्ठावर बेसॉल्टचा वाटा लहान आहे, पण सिलिकेटी खडकांच्या झिजेतून जेवढा कर्बवायू शोषला जातो, त्यात बेसॉल्टचा वाटा जवळपास एक तृतीयांश निघतो. २००८ मध्ये डेनिस केंट आणि जोव्हान्नी मुत्तोनी यांनी आणखी पुढचा विचार मांडला. भारताचे भूखंड उत्तरेकडे सरकताना विषुववृत्ताच्या दमट पट्ट्यातून गेले, तिथे दख्खनची झीज वाढली आणि पुढे पृथ्वी थंड होत गेली त्याचे एक कारण हेही असावे. थोडक्यात, आपला कातळ या कामात नवखा नाही. फक्त त्याचा हिशेब लाखो वर्षांचा असतो, आणि आपल्यापाशी दशकेच आहेत.

६/
हे सगळे प्रयोगशाळेतच दिसते असेही नाही. ठाणे, नाशिक, पुणे, जळगाव या भागांतल्या कुठल्याही खदानीत जा. फोडलेल्या काळ्या दगडात बदामाच्या आकाराच्या पोकळ्या दिसतात आणि त्यांत पांढरे, कधी हिरवट स्फटिक भरलेले असतात. लाव्हा थंड होताना वायूंचे बुडबुडे अडकून या पोकळ्या झाल्या. पुढे त्यांतून पाणी झिरपले आणि झिओलाइट, गारगोटी, कॅल्साइट अशी खनिजे साचली. यातले कॅल्साइट म्हणजे दगडात बांधला गेलेला कर्बवायूच. जगभरच्या संग्रहालयांत दख्खनचे झिओलाइट मानाने मांडलेले असतात. खदानीतला कामगार ते बाजूला काढून ठेवतो, कारण खडीपेक्षा त्याला भाव जास्त मिळतो!

७/
इथे चुन्याची आठवण काढल्याशिवाय पुढे जाता येत नाही. आपले किल्ले, वाडे, बारव ज्या चुन्याने बांधले, तो चुनखडी भट्टीत भाजून होत असे. भाजताना चुनखडीतला कर्बवायू उडून जातो आणि कळीचा चुना उरतो. तो भिजवून, घाणीत मळून भिंतीत भरला की पुढची अनेक वर्षे तो हवेतून तोच वायू परत शोषून घेत घट्ट होत राहतो. जुन्या बुरुजाचा चुना म्हणजे हवेतून पकडून दगडात साठवलेला कार्बन आहे. अर्थात भट्टीत जाळलेल्या लाकडाचा धूर हिशेबात धरला की हा व्यवहार तोट्याचाच ठरतो. हा ‘धूर पकडायला लागणारे इंधन’ नावाचा तोटा लक्षात ठेवा, तो पुन्हा भेटणार आहे.

८/
चुनखडीतून निघणाऱ्या या वायूचा शास्त्रीय शोध स्कॉटलंडच्या जोसेफ ब्लॅकने लावला. त्याचा निबंध १७५६ चा, म्हणजे ज्या वर्षी विजयदुर्गावर तुळाजी आंग्र्यांचे आरमार जळाले त्या वर्षीचा. ब्लॅकने त्या वायूला दिलेल्या नावाचा अर्थ ‘बांधलेली हवा’ असा होतो, कारण ती दगडात बांधलेली होती आणि उष्णतेने सुटली. पुढच्या अडीचशे वर्षांत माणसाने ती सोडण्याचेच काम केले.

९/
आता रेल्वे. १६ एप्रिल १८५३ ची बोरीबंदर-ठाणे गाडी सर्वांना पाठ आहे. १८५४ मध्ये लोहमार्ग कल्याणला पोचला आणि १८५५ मध्ये वासिंदपर्यंत गेला. टिटवाळा याच तुकड्यावर येते. सुरुवातीच्या काळात जीआयपी रेल्वेची इंजिने मोठ्या प्रमाणात विलायतेहून जहाजाने आलेल्या कोळशावर धावत. म्हणजे ब्रिटनच्या खाणींत कोट्यवधी वर्षे पुरलेला कार्बन काळू नदीच्या काठी हवेत मिसळू लागला.

१०/
त्याच्या दुसऱ्याच वर्षी, १८५६ मध्ये, अमेरिकेत युनिस फूट या बाईंनी काचेच्या नळ्यांत निरनिराळे वायू भरून त्या उन्हात ठेवल्या. कर्बवायूची नळी सर्वांत जास्त तापली आणि सर्वांत उशिरा निवली. अशा वायूचे प्रमाण वाढले तर पृथ्वी तापेल, असे त्यांनी लिहून ठेवले. १८५९ मध्ये जॉन टिंडलने उष्णतेच्या किरणांवर नेमके प्रयोग केले, आणि १८९६ मध्ये, मुंबईत प्लेग आला त्या वर्षी, स्वांटे अर्हेनियसने कर्बवायू दुप्पट झाल्यास तापमान किती वाढेल याचे गणित केले. घाट फोडून रेल्वे वर चढत होती (भोरघाट १८६३, थळघाट १८६५) आणि त्याच काळात तिच्या धुराचे शास्त्रही घडत होते. दोघांची गाठ पडायला मात्र आणखी शतक जावे लागले.

११/
३ फेब्रुवारी १९२५ रोजी मुंबईत पहिली विजेवरची गाडी धावली. त्या दशकाच्या अखेरीस विद्युतीकरण कल्याण ओलांडून घाटांकडे सरकले. एवढ्या विजेसाठी जीआयपी रेल्वेने ठाकुर्लीजवळ, चोळे गावाशेजारी, खाडीकाठी कोळशावरचे वीजघर उभारले. हेच ‘चोळा पॉवर हाउस’. डोंबिवली-ठाकुर्लीतल्या जुन्या माणसांना त्याची धुराडी आठवतात. १९८० च्या दशकात ते बंद झाले.

१२/
चोळ्याच्या वीजघराकडे मी इतिहासाचा विद्यार्थी म्हणून जरा वेगळ्या नजरेने पाहतो. वाफेचे इंजिन आपला धूर रुळाच्या कडेने सांडत जाई. तो पकडण्याची कल्पनासुद्धा शक्य नव्हती. विजेची गाडी आली आणि टिटवाळ्याच्या फलाटावरचा धूर नाहीसा झाला. खरे तर तो चोळ्याच्या धुराड्यात गोळा झाला. प्रवाशाचे कपडे स्वच्छ राहिले, राख चोळेकरांच्या वाट्याला आली. धूर पकडण्याच्या साऱ्या तंत्राची पूर्वअट हीच आहे की धूर आधी एका जागी गोळा झालेला असला पाहिजे. मोटारीचा किंवा चुलीचा धूर कुणी पकडून पुरू शकत नाही.

१३/
आणि योगायोग असा की धुरातून कर्बवायू वेगळा करण्याची रीतही त्याच सुमारास निघाली. १९३० मध्ये अमेरिकेत रॉबर्ट बॉटम्स याला ‘अमाइन’ नावाच्या रसायनांनी वायू धुण्याच्या पद्धतीचे पेटंट मिळाले. गार अमाइनच्या द्रावणातून वायू नेला की कर्बवायू त्याला चिकटतो. मग द्रावण तापवले की तो सुटा होतो आणि द्रावण पुन्हा वापरता येते. आजही बहुतेक मोठे प्रकल्प याच तत्त्वावर चालतात. अडचण ‘तापवले की’ या दोन शब्दांत आहे. कोळशाच्या वीजकेंद्रात ही उष्णता आणि पुढे वायू दाबून भरण्याचे काम यांत केंद्राच्या विजेचा पाचवा ते चौथा हिस्सा खर्ची पडू शकतो. चुन्याच्या भट्टीतले लाकूड आठवले ना?

१४/
पकडलेला वायू ठेवायचा कुठे? पहिले मोठे उत्तर मिळाले ते हवामानाच्या काळजीपोटी नव्हे. १९७२ मध्ये, आपल्याकडे दुष्काळी कामांवर लाखो माणसे खडी फोडत होती तेव्हा, टेक्सासमध्ये कर्बवायू तेलविहिरींत दाबून भरू लागले. हेतू होता उरलेसुरले तेल बाहेर काढण्याचा. या तंत्राच्या टीकाकारांचा संशय इथूनच सुरू होतो, आणि माझ्या मते तो रास्त आहे. १९७७ मध्ये चेझारे मार्केत्ती या इटालियन शास्त्रज्ञाने वायू पकडून खोल समुद्रात सोडण्याची सूचना हवामानासाठी म्हणून मांडली. नॉर्वेने १९९१ मध्ये कार्बनवर कर लावला. त्यामुळे उत्तर समुद्रातील स्लाइपनर या वायुक्षेत्रात कर्बवायू हवेत सोडणे महाग झाले, आणि १९९६ पासून तो समुद्रतळाखालच्या वालुकाश्मात भरला जाऊ लागला. वर्षाला साधारण १० लाख टन. तंत्र जुनेच होते. नवा होता तो कर.

१५/
वालुकाश्मात वायू वायूच्या रूपातच राहतो. वर अभेद्य खडकाचे झाकण हवे आणि ते शाबूत आहे ना याची राखण पिढ्यान्‌पिढ्या करायला हवी. बेसॉल्टची गोष्ट निराळी आहे. १९९० मध्ये वाल्टर झाइफ्रिट्झ याने सुचवले की सिलिकेटी खडकांशी अभिक्रिया करून हा वायू खनिजच करून टाकावा. बेसॉल्टमध्ये कॅल्शियम, मॅग्नेशियम आणि लोह यांची ऑक्साइडे मिळून वजनाचा सुमारे चौथा हिस्सा भरतो, आणि या तिन्हींचे कार्बोनेट बनते. एकदा दगड झाला की गळतीची भीती नाही.

१६/
आइसलँडमध्ये हेल्लिशेइदी येथे २०१२ मध्ये ‘कार्बफिक्स’ प्रकल्पाने हे करून पाहिले. भूऔष्णिक वीजकेंद्रातला कर्बवायू पाण्यात विरघळवून ४०० ते ८०० मीटर खोल बेसॉल्टमध्ये सोडला. प्रमाण अगदी थोडे होते, दोन-अडीचशे टन. पण २०१६ मध्ये निष्कर्ष आले तेव्हा शास्त्रज्ञही चकित झाले. ९५ टक्क्यांहून अधिक वायू दोन वर्षांच्या आत दगड झाला होता. एबेलमेनने ज्याला लाखो वर्षे दिली होती, ते दोन पावसाळ्यांत उरकले. अमेरिकेत वॉशिंग्टन राज्यातील वालुला येथे २०१३ मध्ये सुमारे हजार टन वायू पाण्याशिवाय, केवळ दाबाखाली, तिथल्या बेसॉल्टमध्ये सोडला गेला, आणि नंतर काढलेल्या खडकाच्या नमुन्यांत कार्बोनेटच्या गाठी सापडल्या. वालुलाचा खडक दख्खनचा नातलगच म्हणावा: तसाच पुराच्या पाण्यासारखा पसरलेल्या लाव्ह्याचा, पण वयाने बराच तरुण.

१७/
मग दख्खन का नको? हैदराबादच्या राष्ट्रीय भूभौतिकी संशोधन संस्थेने, अर्थात एनजीआरआयने, या शतकाच्या पहिल्याच दशकात हा अभ्यास हाती घेतला. २०२२ मध्ये आयआयटी मुंबईत कार्बन पकडणे व वापरणे या विषयाचे राष्ट्रीय केंद्र स्थापन झाले. त्याच वर्षी नीती आयोगाचा अहवाल आला. आयआयटी मुंबईच्या विक्रम विशाल आणि सहकाऱ्यांच्या अंदाजानुसार भारताच्या भूगर्भात सुमारे ३९५ ते ६१४ अब्ज टन कर्बवायू मावू शकतो, आणि त्यात बेसॉल्टचा वाटा ९७ ते ३१६ अब्ज टन. देशाचे वार्षिक उत्सर्जन सुमारे ३ अब्ज टन आहे. भागाकार करण्याचा मोह होतो. करू नका.

१८/
का, ते त्या आकड्यातच दिसते. खालच्या टोकापेक्षा वरचे टोक तिपटीहून मोठे आहे. असा आकडा म्हणजे कोठाराच्या भिंतींचे माप. दार किती रुंद आहे आणि आत आधीच काय भरले आहे, हे त्यातून कळत नाही. पुन्हा सहाव्या पोस्टमधल्या त्या बदामी पोकळ्यांकडे चला. आइसलँडचा बेसॉल्ट तरुण आणि सच्छिद्र आहे. आपला ६ कोटी वर्षांचा, आणि त्याच्या कित्येक पोकळ्या झिओलाइटने व कॅल्साइटने केव्हाच भरून गेल्या आहेत. जे सुंदर स्फटिक ‘हे घडू शकते’ असे सांगतात, तेच ‘जागा गेली’ असेही सांगतात. थरांच्या सीमेवरचे भेगाळ, सच्छिद्र पट्टे किती खोल आणि किती सलग आहेत, हे विंधनविवर घेतल्याशिवाय कळत नाही.

१९/
विंधनविवरे आपल्याकडे घेतली गेली, पण वेगळ्या, दुःखद कारणाने. ११ डिसेंबर १९६७ चा कोयनेचा भूकंप. शिवसागर जलाशय भरल्यानंतर तिथे धक्के सुरू झाले होते, आणि धरणाच्या पाण्याने चेतवलेल्या भूकंपांचे जगातले ठळक उदाहरण म्हणून कोयनेचे नाव घेतले जाते. त्याच्या अभ्यासासाठी कोयना परिसरात खोल विवरे घेतली गेली, आणि कराडला त्यासाठी प्रयोगशाळा उभी राहिली. रासाटीच्या पहिल्या विवरात सुमारे ९३० मीटरांवर बेसॉल्ट संपला आणि खाली ग्रॅनाइटी खडक लागला. किल्लारीत, १९९३ च्या भूकंपानंतर घेतलेल्या विवरात, बेसॉल्टची जाडी ३३८ मीटरच निघाली. कातळ पश्चिमेला जाड, पूर्वेला पातळ. म्हणजे जाड कोठार नेमके सह्याद्री आणि कोकणाच्या बाजूला आहे, जिथे खडकातल्या पाण्याच्या दाबाने जमीन हलल्याचा अनुभव गाठीशी आहे. हेल्लिशेइदीतही २०११ मध्ये वीजकेंद्राचे वापरलेले पाणी परत जमिनीत सोडताना ४ च्या आसपास तीव्रतेचे धक्के बसले होते.

२०/
टिटवाळ्याच्या उत्तरेला तानसा नदीकाठी वज्रेश्वरी, अकलोली, गणेशपुरी. वसई जिंकल्यावर (१७३९) चिमाजी अप्पांनी नवस फेडून वज्रेश्वरीचे देऊळ बांधले, हे तुम्हांला ठाऊक असेलच. तिथली गरम कुंडे कशी होतात? पावसाचे पाणी भेगांतून खोल जाते, तापते आणि दुसऱ्या भेगेतून वर येते. भाविकांना त्यात देवीची कृपा दिसते. वायू साठवू पाहणाऱ्या अभियंत्याला मात्र त्यात सूचना दिसली पाहिजे: या कातळात खाली गेलेले वर येण्याच्या वाटा आहेत. विरघळलेला कर्बवायू त्या वाटेला लागण्यापूर्वी दगड झाला तर उत्तम. न झाला तर आम्लयुक्त पाणी आधी विहिरींना भेटेल.

२१/
आता माझ्या मते सर्वांत अवघड मुद्दा: पाणी. कार्बफिक्सच्या पद्धतीत एक टन वायूसाठी साधारण २५ टन पाणी लागते. आइसलँडला ते जड नाही. आपल्याकडे हिशेब करू. ५०० मेगावॅटचे कोळशावरचे केंद्र ७० टक्के क्षमतेने चालले तर वर्षाला सुमारे २८ लाख टन कर्बवायू सोडेल. त्याला २५ ने गुणा. ७ कोटी टन पाणी, म्हणजे रोजचे सुमारे १९ कोटी लिटर. माणशी १३५ लिटर या नागरी मापाने १४ लाख माणसांचे पाणी. २०११ च्या जनगणनेत कल्याण-डोंबिवलीची लोकसंख्या साडेबारा लाखांच्या आत होती!

२२/
आणि हे पाणी कुठून येणार? भातसा, तानसा, वैतरणा ही धरणे ज्या डोंगररांगांत आहेत तिथल्या शहापूर तालुक्यात उन्हाळ्यात पाण्याचे टँकर फिरतात, आणि धरणांचे पाणी मोठ्या जलवाहिन्यांतून मुंबईला जाते. दीड शतकाचा हा इतिहास आहे: घाटपायथ्याचे पाणी शहराला, शहराच्या विजेची राख खाडीकाठच्या गावाला. त्यात आता शहराच्या धुराची भर घालायची का, हा प्रश्न भूविज्ञानाचा उरत नाही. समुद्राचे पाणी वापरण्याचे प्रयोग आइसलँडमध्ये झाले आहेत, वालुलाची कोरडी पद्धतही आहे. कोकण किनाऱ्यावर यांतले काही जमले तर हा आक्षेप बराच सौम्य होईल. पण ‘जमले तर’.

२३/
जगाचा हिशेबही मोठा आशादायक नाही. चालू असलेल्या सर्व प्रकल्पांची मिळून क्षमता वर्षाला सुमारे ५ कोटी टन. जीवाश्म इंधने आणि उद्योगांतून होणारे उत्सर्जन सुमारे ३७ अब्ज टन. हजारात दीड भागही भरत नाही. म्हणून कोळसा जाळत राहा, धूर पुरू, असे कुणी म्हणाले तर त्यावर विश्वास ठेवू नये. सिमेंटची गोष्ट मात्र वेगळी. तिथे बराचसा कर्बवायू इंधनातून न येता चुनखडीतूनच सुटतो, ब्लॅकने पाहिला तसा. सौरऊर्जा कितीही वाढली तरी तो थांबत नाही. अशा उद्योगांसाठी धूर पकडणे हा खरा पर्याय ठरू शकतो, आणि संशोधन चालू राहावे असे मला वाटते ते त्यासाठीच.

२४/
जुन्या ठाणे जिल्ह्यात धूर पकडण्याचा एक लढा आधीच होऊन गेला आहे, आणि इतिहासाच्या विद्यार्थ्याने बघावा तो तिथे. डहाणू. (२०१४ पासून पालघर जिल्ह्यात.) चिकूच्या बागांच्या या तालुक्यात ५०० मेगावॅटचे कोळशाचे वीजकेंद्र आले. स्थानिक नागरिक न्यायालयात गेले. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानुसार डिसेंबर १९९६ मध्ये डहाणू तालुका पर्यावरण संरक्षण प्राधिकरण स्थापन झाले. अध्यक्ष होते न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारी. प्राधिकरणाने १९९९ मध्ये धुरातला गंधकवायू समुद्राच्या पाण्याने धुऊन काढणारी यंत्रणा बसवण्याचा आदेश दिला. कंपनीने चालढकल केली, खटले झाले, प्राधिकरणाने ३०० कोटींची बँकहमी मागितली, आणि २००७ मध्ये यंत्रणा एकदाची सुरू झाली. आदेशापासून आठ वर्षे.

२५/
हे तंत्र काही नवे नव्हते. इंग्लंडमध्ये १९३० च्या दशकात, म्हणजे चोळ्याची धुराडी नवी होती तेव्हाच, लंडनच्या बॅटरसी वीजकेंद्रात गंधकवायू धुतला जात होता. डहाणूत ते आले ते हट्टी नागरिकांमुळे आणि नेटाने अंमलबजावणी करणाऱ्या प्राधिकरणामुळे. देशात इतरत्र काय झाले? गंधकवायूचे नियम डिसेंबर २०१५ मध्ये निघाले, मुदती पुन्हा पुन्हा वाढल्या, आणि जुलै २०२५ मध्ये बहुसंख्य कोळसा केंद्रांना या यंत्रणेच्या अटीतून सूट मिळाली. गंधकवायू डोळ्यांना झोंबतो, छातीत जळजळतो. तरी ही कथा. कर्बवायूला ना रंग, ना वास.

२६/
स्लाइपनरमध्ये वायू भरायला सुरुवात झाली १९९६ मध्ये. डहाणूचे प्राधिकरण डिसेंबर १९९६ चे. त्याच डिसेंबरात ‘पेसा’ कायदा झाला, ज्याने अनुसूचित क्षेत्रांतल्या ग्रामसभांना भूसंपादनापूर्वी विचारले जाण्याचा हक्क दिला. शहापूर तालुका अनुसूचित क्षेत्रात येतो. पण जमिनीखाली हजार मीटरवरच्या खडकातली पोकळी कुणाची, तिच्यात काही भरण्याआधी वरच्या गावाला विचारायचे की नाही, आणि पन्नास वर्षांनी विहिरीचे पाणी बिघडले तर दाद कुणाकडे मागायची, हे सांगणारा स्वतंत्र कायदा आपल्याकडे अद्याप नाही. युरोपीय संघाने तो २००९ मध्ये केला. आणि आइसलँडमध्ये, जिथे हे तंत्र सर्वांत चांगले जमले तिथे, हाफ्नारफ्योर्दुर गावाजवळ बाहेरून जहाजाने आणलेला कर्बवायू पुरण्याची योजना स्थानिकांच्या विरोधानंतर २०२५ मध्ये मागे घ्यावी लागली. त्या गावकऱ्यांच्या शंकांतही भूजलाची शंका होती.